ठाण्याहून आलो आणि लेकीच्या रक्तात लेड निघालं

नमस्कार मंडळी,
जरा टेन्शनमध्ये लिहितेय. सुट्टीत आम्ही ठाण्याला होतो, नौपाड्यात सासरी, आणि परत आल्यावर लेकीच्या दोन वर्षांच्या चेकअपला बोटातून रक्त घेतलं तर लेड म्हणजे शिसं ६ आलं (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर). नर्स विचारते घराला जुना रंग आहे का, हळद कुठून आणता, काजळ घालता का, आणि मी आपली सगळ्याला हो हो करतेय. सासूबाई फोनवर म्हणाल्या, अगं आमची सगळी पोरं याच घरात वाढली, कोणाला काय झालं? पोरगी पण मस्त खातेय खेळतेय. पण आम्ही असतानाच तिथे रंगकाम चालू होतं. कोणाला माहिती आहे का काही?
– एडिसनहून

---

अगं घाबरू नकोस. मी मुलांच्याच क्लिनिकमध्ये काम करते. बोटाला धूळ असली तर आकडा उगाच वाढतो, म्हणून आता शिरेतून रक्त घेऊन परत टेस्ट करायला सांग, तीच खरी धरायची. इथे अमेरिकेत २०२१ पासून ३.५ च्या वर गेलं की लक्ष ठेवतात. औषध साधारण ४५ च्या पुढे देतात, त्यामुळे तुझ्याकडे औषधाचा प्रश्न नाही, शिसं येतंय कुठून ते शोधून बंद करायचं एवढंच. हिमोग्लोबिन आणि आयर्न पण बघायला सांग, ते कमी असलं की पोटातून शिसं जास्त शोषलं जातं. काजळ आजच बंद. हळद सुटी आणली असेल तर ती पण, आणि अख्खं हळकुंड आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, पिवळंधमक दिसावं म्हणून त्यालाच लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळतात काही ठिकाणी.
आणि सासूबाईंना सांग, त्रास दिसत नाही हाच तर याचा त्रास आहे. बुद्धीवर, लक्ष लागण्यावर परिणाम होतो, आणि कमी पडलेले मार्क कोण शिशाच्या नावावर टाकणार?
– ताई

---

मी नेरूळला परत आलोय पण मंडळाच्या मेल वाचतो सगळ्या. पेंटच्या लाईनमध्ये होतो म्हणून लिहितो. रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे २०१६ ला आला, लागू झाला नोव्हेंबर २०१७ ला. पण नौपाड्यातल्या जुन्या घरांत खिडक्या, दारं, ग्रिल यांच्यावर ऑईलपेंटचे थरावर थर असतात, पिवळ्या-लाल-केशरीत जास्त, आणि नवा हात मारायच्या आधी पेंटर तेच सुक्या पॉलिश पेपरने घासतो. ती बारीक भुकटी फरशीवर, गादीवर, खेळण्यांवर बसते आणि रांगणाऱ्या पोराचे हात सारखे तोंडात. पाणी मारून घास म्हटलं तर म्हणतात साहेब काम लांबेल. लांबू दे की! झाडू तर अजिबात नको, ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं टाकून द्यायचं. पुढच्या खेपेला रंगकाम असेल तर पोरांना घेऊन सरळ दुसरीकडे राहायचं. आणि हो, पितळी भांड्यांना कल्हई करून घेत असतील तर कथलात शिसं मिसळलेलं नाही ना ते विचारा, आंबट वरण त्यातच उकळतं आपल्याकडे.
– काका

---

काका, कल्हईवाला दारावर येतो त्यांच्याकडे, हे डोक्यातच नव्हतं! शिरेची टेस्ट गुरुवारी आहे, आकडा आला की टाकते.