भयपटात पार्श्वसंगीत हवंच कशाला?

रातकिडा:
भयपटातलं निम्मं पार्श्वसंगीत काढून टाकलं, तर तो जास्त घाबरवेल. दाराच्या कडीला हात लागायच्या आधीच व्हायोलिनं कण्हायला लागली की दारामागे काहीतरी आहे हे कळून चुकतं. दिग्दर्शक हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) रूढ अर्थाचं पार्श्वसंगीत नाहीच. पक्ष्यांच्या कलकलाटासाठी ट्राउटोनियम हे विद्युत वाद्य वापरलं, आणि दोन हल्ल्यांच्या मधला सन्नाटाच जास्त छळतो. सावध कधी व्हायचं, हे सांगायला तिथे कोणी नसतं.

मंद्रसप्तक:
त्याच हिचकॉकचा 'सायको' (१९६०) सोयीस्करपणे विसरलात! न्हाणीघरातल्या खुनाला त्यालाही संगीत नको होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने तरीही निव्वळ तंतुवाद्यांवर तुकडा लिहिला आणि तो ऐकून हिचकॉकने मत बदललं. शिवाय थिएटरात शांतता टिकते कुठे? एसीची घरघर, खोकला, पाकिटांची चुरचुर. तुमचा सन्नाटा त्यातच संपतो.

फेडर:
ट्रॅक कोरा ठेवला की शांतता होत नाही, प्रेक्षकाला स्पीकर गेल्यासारखं वाटतं. म्हणून शूटिंगच्या जागी सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा-एक मिनिट रूम टोन, म्हणजे त्या जागेचा स्वतःचा हलका आवाज, रेकॉर्ड करतात आणि तो खाली अंथरतात. त्यावर रातकिडे, दूरची रहदारी, फ्रिजची घरघर असे थर चढवायचे आणि प्रसंग जवळ आला की एकेक करून काढायचे. कट मारून नाही, दहा-पंधरा सेकंदांच्या फेडने, म्हणजे हळूहळू विरवत. काय गेलं ते कळू नये, पण अस्वस्थ वाटावं. मग उरलेल्या जागेत फोलीचा (स्टुडिओत हाताने काढलेला) एकच बारीक आवाज, कापडाची सळसळ वगैरे.

बिघडतं ते लूपमध्ये, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडताना. रूम टोनचा तुकडा छोटा असेल आणि त्यात एखादी टिकटिक राहिली असेल, तर ती ठरावीक अंतराने परत येते आणि शांत प्रसंगात उघडी पडते.

पूर्ण शून्य चालतं, पण त्याचं कारण पडद्यावर दिसलं तर. 'अ क्वाएट प्लेस'मध्ये (२०१८) कर्णबधिर मुलीचं कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेलं श्रवण-उपकरण) बंद असताना ट्रॅकही पूर्ण बंद होतो, आणि कोणी स्पीकरकडे बघत नाही.

रातकिडा:
म्हणजे मी म्हणतो तेच. संगीत काढा, वातावरण ठेवा.

मंद्रसप्तक:
कागदावर ठीक आहे. सिनेमाचा आवाज मिक्स होतो तो थिएटरातला आवाजाचा फेडर (पातळीचं बटण) ७ वर धरून; तेव्हा पडद्यामागच्या प्रत्येक चॅनलला पिंक नॉइज (चाचणीचा एकसारखा खरखराट) ८५ डेसिबल भरतो. 'आवाज फार मोठा' अशी तक्रार आली की थिएटरवाले फेडर ५ वर आणतात, म्हणजे ६ ते ७ डेसिबल गेले. संवाद कळत राहतात, त्यामुळे कोणाला खटकत नाही. पण एसीच्या जेमतेम वर ठेवलेला तुमचा रूम टोन तिच्याखाली बुडतो.

रातकिडा:
मग तुम्ही संगीतवाले भीतीसाठी लावता तो ४० हर्ट्झचा, अगदी खोल गुरगुराट तरी कुठे वाचतो? पातळी उतरली की कानाला आधी खर्जच कमी ऐकू येतो.

मंद्रसप्तक:
म्हणून नुसता खर्ज कोणी ठेवत नाही. हलकं डिस्टॉर्शन देऊन, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा फाडून, ८०, १२०, १६० हर्ट्झचे उपस्वर जोडायचे. मूळ स्वर ऐकू आला नाही तरी कान तो भरून काढतो. टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरवरही हे चालतं. तुमच्या शांततेला असा काही उपाय आहे का?

फेडर:
एक उपाय आहे. दचकवण्यात अंतिम पातळीइतकीच उडीही महत्त्वाची असते, आणि ती काही मिलिसेकंदांत व्हावी लागते; चढ लांबला की नुसता गोंगाट होतो. तेव्हा आवाज वर नेण्याऐवजी आधीचं दृश्य खाली आणा. मात्र दर वेळी धक्क्याआधी तीच दोन सेकंदांची पोकळी ठेवली, तर तिसऱ्या खेपेला लोक आधीच कानावर हात ठेवतात. एक-दोनदा पोकळी द्या आणि काहीच घडू देऊ नका.

रातकिडा:
हे पटलं. व्हायोलिनं अजूनही नकोतच.

मंद्रसप्तक:
'सायको'चा तो प्रसंग म्यूट करून बघा, मग बोलू.