दातांचा स्कॅनर बनवणारी नवी कंपनी : पैसे घालावेत का?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. यजमान यंदा निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीतले पाच लाख बाजूला ठेवले आहेत. दिरांच्या ओळखीतल्या दोघा तरुणांनी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत दातांचा स्कॅनर बनवायला घेतला आहे. पेनासारखी दांडी तोंडात फिरवली की दातांचा साचा संगणकावर उभा राहतो. माझ्याच जबड्याचे चित्र दाखवले, खरेच थक्क झाले. परदेशी यंत्राच्या निम्म्या किमतीत देणार म्हणतात. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, आम्हाला शेअर देणार, आणि तीन वर्षांत शेअर बाजारात लिस्ट होईल असे सांगतात. मुले हुशार, आपल्या गोव्याचीच, त्यामुळे मदत करावीशी वाटते. पण हे पैसे म्हातारपणाचे आहेत. नेमके काय विचारावे?

उत्तर (दंतवैद्य, म्हापसा)

ताई, डेमोवर जाऊ नका. डेमोत तोंड कोरडे असते आणि दांडी फिरवणारा हात सरावलेला असतो. माझ्या खुर्चीवरचा पेशंट शेवटच्या दाढेपर्यंत तोंड उघडू शकत नाही, लाळ साचते, हिरडीतून रक्त येते. कॅपसाठी घासलेल्या दाताची कड बऱ्याचदा हिरडीच्या आत असते. ती नीट टिपली गेली नाही, तर लॅबमधून आलेली कॅप बसतच नाही. या स्कॅनवर केलेल्या किती कॅप परत पाठवाव्या लागल्या, हे विचारा. खरा आकडा लॅबवाल्याकडे मिळेल.

मग टिपचे विचारा. तोंडात जाणारे ते टोक प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक करावे लागते, बहुधा १३४ अंशांवर. त्यातला छोटासा आरसा वाफेने हळूहळू धुरकटतो आणि टिप बदलावी लागते. ती कोण बनवते, किती वेळा वाफ सोसते, कितीला विकतात? यंत्र एकदा विकले की झाले, पुढची कमाई टिप, सॉफ्टवेअर आणि देखभालीच्या करारातून. ‘निम्मी किंमत’ ऐकून मला उलट धास्तीच वाटते. कोरियन आणि चिनी कंपन्यांनी भाव आधीच पाडले आहेत, तिथे नुसत्या स्वस्ताईवर टिकणे कठीण.

माझा आधीचा स्कॅनर ऐन डिसेंबरात बंद पडला होता. परदेशातून सुट्टीला येऊन दात करून घेणारे पेशंट थोडेच दिवस इथे असतात. कंपनीचा माणूस परराज्यातून येईपर्यंत ते परत गेलेसुद्धा. वेर्ण्याहून माणूस त्याच दिवशी येणार असेल, तर ती या मुलांची मोठी जमेची बाजू आहे, मनापासून सांगतो. पैसे मोजून यंत्र घेतलेल्या डॉक्टरांची नावे मागा, फुकट वापरायला दिलेल्यांची नकोत. त्यांना एवढेच विचारा, दुसरे यंत्र यांच्याकडूनच घ्याल का?

उत्तर (सीए, डिचोली)

मी कागदांचे सांगतो. २०१७च्या मेडिकल डिव्हाइस नियमांप्रमाणे उपकरणांचे धोक्यानुसार ए (सर्वांत कमी) ते डी (सर्वांत जास्त) असे चार वर्ग आहेत. ए वर्गातली काही साधी उपकरणे सोडली, तर ए आणि बीला १ ऑक्टोबर २०२२पासून, सी आणि डीला १ ऑक्टोबर २०२३पासून परवाना सक्तीचा आहे. ए, बीचा उत्पादन परवाना राज्याकडून मिळतो, सी, डीचा केंद्राच्या सीडीएससीओ या औषध नियंत्रण संस्थेकडून. त्यावर नाव कोणाचे आहे ते वाचा. माल बाहेरून आणून नुसते लेबल लावत असतील, तर तो व्यापार झाला, कारखाना नव्हे.

शेअर ओळखीपाळखीत असेच वाटता येत नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम ४२खाली तुमच्या नावाचे पीएएस-४ ऑफर लेटर यायला हवे. पैसे बँकेतूनच द्या, रोख एक रुपयाही नको. ६० दिवसांत शेअर दिले नाहीत, तर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत करणे त्यांना बंधनकारक आहे. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, पोर्टलवर १०० रुपये भरून ताळेबंद आणि कर्जाचा बोजा पाहता येतो.

लिस्टिंगचे वचन हिशेबातच धरू नका. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही दात सरळ करणाऱ्या अलाइनरची कंपनी सप्टेंबर २०१९मध्ये शेअरला २३ डॉलर या भावाने शेअर बाजारात आली आणि डिसेंबर २०२३मध्ये बंद पडली.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. परवाना आणि पीएएस-४ दिरांकरवी मागवते. सगळे नीट निघाले तर पाच लाख घालावेत का?

दंतवैद्य, म्हापसा

नको ताई. बुडाले तरी औषधपाणी आणि घरखर्च अडणार नाही एवढेच घाला, बाकी बँकेत असू द्या. आणि मुलांना माझ्याकडे पाठवा. महिनाभर यंत्र दवाखान्यात ठेवू देत, कॅप बसतात की नाही ते मी इथेच लिहितो.