डिगॉक्सिनची गोळी द्यावी की थांबवावी?

प्रश्न (परिचारिका, गडचिरोली जिल्हा): डिगॉक्सिन (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध) व फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) घेणाऱ्या आजोबांची मनगटावरची नाडी आज ५६ लागली. सकाळची गोळी द्यावी का?

उत्तर १: ताई, सध्या देऊ नका. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण १ मिनिट ठोके मोजा, कारण लय बिघडलेली असल्यास काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. ते ६० पेक्षा कमी भरल्यास डॉक्टरांना लगेच कळवा. मळमळ, अन्नावरची वासना उडणे, सारे पिवळसर दिसणे, हेही आवर्जून विचारा. म्हातारी माणसे आपणहून सांगत नाहीत.

उत्तर २: फ्युरोसेमाइडने पोटॅशियम घटते आणि त्यामुळे डिगॉक्सिन अंगावर उलटू शकते. त्यात तेंदूपत्त्याच्या हंगामातल्या उन्हाने शरीरातील पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडावाटे औषधाचा निचराही मंदावतो. रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) तपासून घ्याच.

प्रश्नकर्ती: छातीवर ५२ भरले. गोळी थांबवली असून डॉक्टरांनी ईसीजी व रक्ततपासणीसाठी त्यांना ग्रामीण रुग्णालयात पाठवले आहे.