कथेतल्या माणसाचा ‘आत्मा’ की ‘जीव’?

प्रश्न : मी एक अद्भुतकथा लिहीत आहे. तिच्यातल्या जगात प्रत्येक माणसाच्या आत असे काहीतरी असते, जे शरीराबाहेर काढता येते, कुपीत भरून ठेवता येते, सावकाराकडे गहाण टाकता येते आणि प्रसंगी त्याचे दोन भागही करता येतात. ते काढून घेतल्यावरही माणूस चालतो-बोलतो; मात्र त्याला कशाची गोडी वाटत नाही, की रडू येत नाही. यासाठी मी ‘आत्मा’ हा शब्द योजला आहे. तो योग्य आहे का?

प्रतिसाद : मला तो योग्य वाटत नाही. मराठी वाचकाच्या मनात ‘आत्मा’ या शब्दाबरोबर गीतेचा दुसरा अध्याय येतो. शस्त्रे त्याला कापत नाहीत, अग्नी जाळत नाही, पाणी भिजवत नाही, वारा सुकवत नाही, हे तेविसाव्या श्लोकातले वर्णन ज्यांनी गीता उघडलेली नाही त्यांनाही कीर्तनातून नाहीतर घरच्या बोलण्यातून ठाऊक असते. जे कापताच येत नाही त्याचे दोन भाग सावकार कसे करणार? शिवाय अद्वैत वेदान्तातला आत्मा कर्ता नाही आणि भोक्ताही नाही, त्यामुळे तो गेल्याने माणसाची गोडी गेली असे म्हणणे त्या शब्दाच्या स्वभावाविरुद्ध जाते.

परंपरेतही जेथे काहीतरी ओढून काढायचे असते, तेथे शब्द बदलतो. महाभारताच्या वनपर्वात यम सत्यवानाच्या शरीरातून पाश टाकून अंगठ्याएवढा ‘पुरुष’ बळाने बाहेर काढतो. माप असलेली, बांधता येणारी अशी ती वस्तू आहे. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची जी आख्यायिका आहे, तिच्यात शिष्य गुहेत गुरूंच्या देहाची राखण करतात. त्या वेळी एका देहातून दुसऱ्या देहात गेला तो लिंगदेह, म्हणजे पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, मन आणि बुद्धी या 17 घटकांचे सूक्ष्म शरीर. स्मृती आणि वासना त्याच्याबरोबर जातात. तुमच्या कल्पनेशी हा शब्द सर्वांत जवळ आहे, परंतु सावकाराच्या तोंडी ‘लिंगदेह’ शोभणार नाही. तो एखाद्या शास्त्रीबुवांच्या तोंडी ठेवावा.

सावकारासाठी आणि निवेदनासाठी मी ‘जीव’ सुचवीन. माझ्या आजीच्या दहाव्याला आम्ही घाटावर उभे होतो. पिंड मांडून बराच वेळ झाला होता, समोरच्या झाडावर कावळे होते आणि एकही खाली उतरत नव्हता. तेव्हा थोरले काका हात जोडून म्हणाले, “धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू, तू जीव अडकवून ठेवू नकोस.” गुरुजींच्या संकल्पात काय शब्द होते ते मला आठवत नाही, काकांनी मात्र ‘आत्मा’ म्हटले नाही. जो अडकतो, गुंततो, टांगणीला लागतो आणि भांड्यात पडतो, तो मराठीत जीवच असतो.

प्रश्नकर्ता : आपले म्हणणे पटते, पण ‘त्याचा जीव काढून घेतला’ असे लिहिले तर वाचक त्या माणसाला मेलेला समजेल. माझ्या कथेत तो जिवंत आहे.

प्रतिसाद : शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर क्रियापदात आहे. लोककथेतल्या राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो आणि तरीही राक्षस खुशाल हिंडत असतो, हे आपल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही, कारण तेथे जीव ‘गेला’ असे कोणी म्हणत नाही. जीव पोपटात ‘आहे’ किंवा ‘ठेवला आहे’ असे म्हणतात. म्हणून ‘गेला’, ‘घेतला’ आणि ‘सोडला’ ही क्रियापदे केवळ मृत्यूसाठी राखून ठेवावीत आणि कुपीतल्या जिवासाठी ‘ठेवला’, ‘गहाण टाकला’, ‘हवाली केला’, ‘सोडवून आणला’ ही वापरावीत. ‘त्याने सावकाराला जीव दिला’ असे चुकूनही लिहू नये, कारण ‘जीव देणे’ म्हणजे आत्महत्या करणे. ‘जीव टाकणे’ म्हणजे एखाद्यावर अतोनात प्रेम करणे, आणि ‘जीव तुटला’ हे तर ओढीने व्याकूळ झालेल्या माणसाचे वर्णन. दोन भाग करण्याच्या प्रसंगासाठी ‘जिवाची वाटणी केली’ हे अधिक नेमके होईल. वाटणी हा शब्द घर, शेत आणि भावांचे भांडण सोबत घेऊन येतो आणि तुमच्या सावकारी जगाला ते साजेसे आहे.

‘प्राण’ मी टाळीन. प्राण सर्वांचा सारखाच असतो, त्यात माणसाची ओळख नसते; तुम्हाला तर कुपी पाहून ती कोणाची हे सांगता यायला हवे.

प्रश्नकर्ता : आणि मेल्यानंतर मागे राहणाऱ्यांसाठी? तेथे तरी ‘भटकती आत्मा’ चालेल का?

प्रतिसाद : आधी लिंग दुरुस्त करावे लागेल. आत्मा हिंदीत स्त्रीलिंगी आहे, मराठीत पुल्लिंगी. म्हणून ‘भटकता आत्मा’, अनेकवचन ‘आत्मे’, आणि ‘त्याची आत्मा’ नव्हे तर ‘त्याचा आत्मा’. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याकडे पिंपळावर ‘मुंज्याचा आत्मा’ राहत नाही, मुंजाच राहतो. मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधी गेला की मुंजा, बाळंतपणात बाई गेली की हडळ: आयुष्यातले कोणते वळण अर्धे राहिले ते नावातच सांगितलेले असते. तुमच्या जगात गहाण जीव न सोडवता मेलेल्यांचा एक वेगळा वर्ग होईल. त्यांना ‘आत्मे’ म्हणण्याऐवजी त्या सावकारी व्यवहारातूनच नाव द्यावे. मला ‘गहाण्या’ सुचतो: गहाण्या, गहाण्याला, अनेकवचनी गहाणे. मात्र पहिल्या प्रकरणात तो एखाद्या म्हातारीच्या तोंडून, अर्थ न सांगता, नुसता येऊ द्यावा.