मदत हवी आहे: माकडांमधला व्हिपवर्म (आतड्यातला जंत) जातच नाहीये

आमच्या प्राणी बचाव केंद्रात लाल तोंडाच्या माकडांचा कळप आहे, पिंजऱ्यात खाली माती. विष्ठेच्या तपासणीत ट्रायक्युरिसची (म्हणजे व्हिपवर्मचीच) अंडी सापडतात: लिंबाच्या आकाराची, दोन्ही टोकांना बूच. पशुवैद्यांच्या सल्ल्याने फेनबेंडाझोल हे जंताचं औषध केळ्यातून देतो. अंडी कमी होतात, पुन्हा वाढतात. आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या औषधानेही विशेष फरक नाही. दांडगा नर इतरांची केळी हिसकावतो. पिल्लू असलेली एक मादी फार खंगलीय, बघवत नाही.

ही अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, साध्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. फरशी घालायची नाही; माती उकरणं हाच त्यांचा विरंगुळा. औषधासाठी एकेकाला वेगळं ठेवलं तर परत कळपात सोडताना मारामाऱ्या होतात.

कोणी माती बदलून हा फेरा तोडलाय का? किती खोल काढली? आणि प्रत्येकाच्या पोटात पूर्ण मात्रा जाईल असं औषध कसं दिलंत?