ऑपरेशनआधी चोरून चहा, सलाईनच्या चाकाला हात: रुग्ण ऐकत नाहीत की आपलं सांगणं चुकतं?

सर्जिकल_सिस्टर

ऑपरेशनच्या आदल्या रात्री रुग्णाला आणि जवळच्या माणसाला दोनदोनदा बजावायचं, ‘उपाशी राहायचं हं.’ दोघंही मान हलवतात. सकाळी उशीखाली बिस्किटांचा पुडा आणि स्टुलाखाली चहाचा थर्मास. विचारलं तर ‘नाही हो सिस्टर, पाण्याचा थेंब नाही घेतला.’ भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्याची ताकद जाते. पोटातलं आंबट पाणी वर येऊन फुप्फुसात उतरलं तर काय होतं, हे मेंडेल्सन या डॉक्टरने 1946 मध्येच मांडलं होतं.

दुसरं सलाईन. 500 मिलीची बाटली 8 तासांत जायला हवी म्हणून 20 थेंबांच्या (20 थेंब म्हणजे 1 मिली) सेटवर मिनिटाला 21 थेंब लावायचे, पुढच्या खाटेकडे वळायचं, आणि तेवढ्यात नातेवाइकाने अंगठ्याने नळीवरचं वेग ठरवणारं चाक वर सरकवलेलं असतं. बाटली अर्ध्या तासात खाली. त्यात पोटॅशियमचा 10 मिलीचा अँप्यूल घातला असेल तर त्यात 20 मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतं, म्हणजे वेग ताशी 40 झाला. हाताच्या शिरेतून वॉर्डात ताशी 10 च्या वर जात नाहीत. हृदय थांबू शकतं. हा खेळ नाही.

माझं स्पष्ट मत आहे, नुसतं सांगून भागणार नाही. रुग्णाजवळ पासवर एकच माणूस, सूचनेखाली त्याची सही, आणि चाकाला हात लावला तर तो वॉर्डाबाहेर. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी

ताई, चहाच्या बाबतीत मी तुमच्या विरुद्ध आहे. घोळ ‘उपाशी’ या शब्दात आहे. आपल्याकडे एकादशीच्या उपासाला चहा चालतो, दूध चालतं, केळं चालतं, साबुदाण्याची खिचडी तर पोटभर चालते. ‘उपाशी राहा’ म्हटल्यावर घरच्या बाईच्या डोक्यात तोच उपास येतो. ती भात देत नाही, चहा देते, आणि ‘काही खाल्लं का’ विचारलं की ‘नाही’ म्हणते. तिच्या हिशेबाने ते खरं असतं. चहा कुठे कोण खातं?

‘निर्जळी’ म्हणा, ‘कडकडीत उपास’ म्हणा, लगेच कळतं. आणि विचारताना नावं घेऊन विचारा: चहा घेतला? दूध? गोळीबरोबर पाणी? तोंडात तंबाखू, सुपारी? मिश्री लावली? ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की मिश्री लावणारी बाई ‘छे छे’ म्हणणार, कारण ती दात घासते, तंबाखू खात नाही.

खाटेला अडकवलेल्या पाटीवर आपण काय लिहितो तेही बघा. ‘एनबीएम’, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, तेसुद्धा इंग्रजी अक्षरांत. ते फक्त आपल्याला वाचता येतं. सूचना संध्याकाळी बसलेल्या सुनेला दिलेली असते, रात्री आठला ती घरी जाते आणि दीर येतो. पहाटे चहा आणतो तो दीर. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मेडिसिन_ब्रदर

रात्रपाळी ताई, शब्दांचं पटलं. पण सगळं न कळल्यामुळे होतं हे मान्य नाही. ऑक्सिजनचंच घ्या. जुन्या दम्याच्या, विडी ओढून फुप्फुसं गेलेल्या म्हाताऱ्याला 2 लिटर लावलेला असतो, आणि 88 ते 92 सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन, टक्क्यांत) त्याला पुरेसं असतं. मुलगा मशीनवर 90 बघतो, शेजारच्या खाटेवर 98 बघतो, आणि फ्लोमीटरचा गोळा 6 वर नेतो. ‘वाढवू नका, अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो’ हे त्याला सांगितलेलं असतं. तरी आपली पाठ वळली की हात जातो. आकडा 98 झाला की तो खूश, आणि बाप पेंगायला लागला की ‘आता शांत झोप लागली.’

आणि समजवायला वेळ कुणाकडे आहे? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवण्याच्या रुग्णालयात 3 खाटांमागे 1 परिचारिका असा आहे. रात्री एकटीवर आख्खा वॉर्ड असताना प्रत्येक दिराला गाठून निर्जळीचा अर्थ कोण सांगणार? पासाचा नियम कडकच हवा.

भूल_विभाग

चहाच्या प्रश्नातला मोठा वाटा आमच्या बाजूचा आहे, तो इथे कुणी मांडला नाही म्हणून लिहितो. ‘रात्री 12 नंतर काही नाही’ हे सरसकट सांगणं चूक आहे. हलकं खाणं 6 तास आधी, तळलेलं किंवा भरपेट जेवण 8 तास आधी, आणि साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. कोरा चहा पाण्यात मोडतो. दूध घातलेला चहा मात्र 6 तासांच्या हिशेबात येतो, कारण पोटात गेल्यावर दुधाचं दही होतं.

यादीत ज्याचा नंबर दुपारी 2 ला आहे त्यालाही आपण मध्यरात्रीपासून कोरडं ठेवतो, म्हणजे 14 तास. उन्हाळ्यात, पंख्याखाली, जीभ टाळूला चिकटलेली. त्याला सकाळी 7 वाजता दोन इडल्या आणि 12 पर्यंत पाणी देता आलं असतं. एवढा वेळ तहानलेला माणूस चोरून पितो यात मला कोडं दिसत नाही.

अपवाद आहेत: आतडं अडकलेलं, तातडीची केस, बाळंतपणाच्या कळा, बरीच वर्षं साखर असून जठर सुस्तावलेलं. त्यांच्यासाठी वेगळं ठरवावं लागतं. बीपीची बहुतेक गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच असते. ‘उपाशी’ ऐकून लोक तीही सोडतात, आणि टेबलावर बीपी चढलेलं सापडतं.

रुग्णमित्र

खोटं का बोलतात, त्याचं साधं कारण आहे. खरं सांगितलं की ऑपरेशन रद्द होतं. रुग्णाबरोबर आलेल्या दोघांची मजुरी बुडालेली असते, रक्त देणारा पाहुणा तालुक्याहून एसटीने आलेला असतो, पुढची तारीख कधी ते कुणी सांगत नाही. वर सगळ्यांसमोर सिस्टर ओरडणार. अशा वेळी ‘काही नाही घेतलं’ हेच तोंडातून निघतं. ‘घेतलं असेल तर आत्ता सांगा, ओरडणार नाही, नंबर चार-सहा तास पुढे जाईल एवढंच’ हे आधीच सांगितलं तर लोक सांगतात. पण मग ओरडायचंही नाही.

चाकाचंही सांगतो. गावाकडे सलाईन म्हणजे ताकद. बाटली लवकर गेली की ताकद लवकर आली, आणि बाटली संपली की सुट्टी. त्यात नळीत रक्त उलटं आलेलं दिसलं की घाबरतात. बाटली संपल्यावर हवा शिरेत जाऊन माणूस जातो, ही भीती घराघरात आहे. बेल दाबून कुणी आलं नाही की हात चाकाकडे जातो.

सर्जिकल_सिस्टर

उपासाचा मुद्दा मान्य. पाटी आजपासून मराठीत. पण रुग्णमित्र, ‘ताकद’ म्हणून सोडून देऊ नका, लोकांना आकडा सांगा. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभराच्या आतच कॅलरी. नॉर्मल सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी. एक भाकरी त्याहून जास्त देते. आणि हेच पाणी हृदय किंवा मूत्रपिंड थकलेल्या माणसात अर्ध्या तासात गेलं तर तो रात्री उठून बसतो, धाप लागते, तोंडाला फेस येतो.

हवेचंही घाबरण्यासारखं नाही. उंचावर टांगलेल्या बाटलीतलं पाणी संपलं की ते नळीत मध्येच थांबतं, कारण शिरेचा दाब त्याला अडवतो. मग रक्त थोडं उलटं येतं आणि सुई गोठून बंद पडते. नुकसान एवढंच की पुन्हा टोचावं लागतं. नळीतले बारीक बुडबुडे दिसले म्हणूनही घाबरायचं कारण नाही.

सहीवर मात्र मी ठाम आहे. सही केली की माणूस दोनदा विचार करतो.

रात्रपाळी

ताई, सही केलेला कागद तो वाचत नाही. दाखल करताना त्याने तशा दहा सह्या केलेल्या असतात. त्यापेक्षा त्याच्याच तोंडून वदवून घ्या. ‘समजलं का’ विचारलं की ‘हो’च येतं. ‘रात्री भाऊजी आले की त्यांना काय सांगाल?’ असं विचारा. ‘चहा दिला तर चालेल, जेवण नको’ असं उत्तर आलं की चूक जागच्या जागी सापडते. याला एक मिनिट पुरतं, ब्रदर, वीस नाही.

आणि चाक का फिरतं, त्यात आपला हात कुठे आहे तेही बघू. घाईत सुई कोपराच्या वळणात लावली जाते. रुग्णाने हात दुमडला की थेंब थांबतात. नातेवाईक बघतो, ‘बंद पडलं’, आणि चाक वर करतो. तरी पडत नाही, अजून वर करतो. दहा मिनिटांनी रुग्ण कूस बदलतो, हात सरळ होतो आणि थेंबांची धार लागते. त्याने चाक ताकदीसाठी वाढवलेलंच नसतं, बंद पडलेलं चालू केलेलं असतं. सुई मनगटाच्या वर, सपाट भागात लावली की असं चाक फिरवणं पुष्कळ कमी होतं. बाटलीवर उभी मायक्रोपोरची पट्टी लावून तासांच्या खुणा करा: 10 वाजता इथे, 12 वाजता इथे. नातेवाइकाला सांगा, ‘पाणी या रेघेच्या खाली लवकर गेलं किंवा वरच राहिलं तर मला हाक मारा.’ त्याच्या हाताला काम मिळतं आणि आपल्याला राखणदार.

मेडिसिन_ब्रदर

पट्टी चांगली आहे. ऑक्सिजनलाही तसंच करता येईल, फ्लोमीटरवर 2 च्या रेघेला लाल चिकटपट्टी आणि खाली ‘88 ते 92 बरोबर आहे’ असं मराठीत. पण पोटॅशियमच्या बाटलीला पट्टीवर विसंबून राहायची माझी तयारी नाही. पंप असेल तर पंपावर. नसेल तर ब्युरेट सेट (बाटलीखाली मापाच्या खुणा असलेली छोटी नळकांडी) लावायचा, त्यात एका तासाचंच पाणी सोडायचं आणि वरची चिमटी बंद करायची. मग कुणी चाक पूर्ण उघडलं तरी तासाच्या वर काही जात नाही. कळांसाठी ऑक्सिटोसिन चालू असेल तिथेही हेच. ते सुटलं तर गर्भाशय सैल पडत नाही आणि बाळाचे ठोके उतरतात. अशा खाटेजवळ बसणाऱ्याला पास देताना मी बजावणारच, आणि हात लावला तर बदलणारच.

सर्जिकल_सिस्टर

ब्युरेट सेट रोज पुरेसे मिळत नाहीत, तरी पोटॅशियमसाठी राखून ठेवता येतील. पाटीवर हे लिहायचं ठरवते आहे: ‘पाणीसुद्धा नाही. अमुक वाजल्यापासून. चहा, दूध, तंबाखू, मिश्री, बिस्कीट, काहीच नाही. बीपीची गोळी सिस्टर देईल.’ अडचण एकच. सकाळी यादी बदलते, दुसरा नंबर पाचवा होतो, आणि पाटीवर जुनीच वेळ राहते.

भूल_विभाग

यादी बदलली की ऑपरेशन थिएटरमधून वॉर्डात फोन आलाच पाहिजे, आणि तो सकाळी साडेआठच्या आत. वेळ खडूनेच लिहा, म्हणजे पुसून बदलता येईल. ज्याचा नंबर मागे गेला त्याला फोन ठेवल्या ठेवल्या पाणी द्या. किती वाजेपर्यंत प्यायचं ते फोनवर आम्ही सांगू. ते केस पेपरवर वेळेसकट लिहून घ्या, म्हणजे दुपारच्या पाळीतली सिस्टर पुन्हा ‘पाणी का दिलं’ म्हणून रुग्णावर रागावणार नाही.