ट्रान्सफर होऊन आलेला लाइनबॅकर: पहिल्याच हंगामात माइक करावा का?

हॅशमार्क

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलण्याची मुदत, २०२६ पासून वर्षातून एकदाच उघडतं, २ ते १६ जानेवारी. एप्रिलचा टप्पा बंद झाला. त्यामुळे नवा लाइनबॅकर बहुतेक वेळा जानेवारीतच कॅम्पसवर पोचतो आणि वसंतातले पंधराही सराव त्याला मिळतात. एवढ्या भांडवलावर त्याला थेट माइक करावं, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ४-२-५ बचावात पुढे चार लाइनमन, त्यांच्यामागे साडेचार-पाच यार्डांवर दोन लाइनबॅकर आणि बाकी पाच डिफेन्सिव्ह बॅक. दोन लाइनबॅकरांपैकी माइक हा बोलणारा. समोरची रचना ओळखून फ्रंट (पुढच्या फळीची मांडणी) लावणं, एका बाजूला तीन रिसीव्हर आले की कव्हरेजचा बदल सांगणं, मोशन झालं, म्हणजे खेळ सुरू होण्याआधी आक्रमणाचा खेळाडू सरकला, की पुन्हा सांगणं, ही त्याची कामं. दुसरा विल.

माझं म्हणणं असं, की पहिल्या हंगामात बोलण्याचं काम जुन्या खेळाडूकडे ठेवा आणि नव्याला जे उत्तम येतं त्याच्याभोवती त्याचं काम बेता. ड्रू सँडर्स हे याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. अलाबामात तो एजवर, म्हणजे लाइनच्या टोकाला खेळायचा. २०२१ च्या पहिल्याच सामन्यात क्रिस्तोफर ॲलन जखमी झाला आणि सँडर्सला जागा मिळाली. पुढे सँडर्सच्याच हाताला लागलं आणि डॅलस टर्नरने ती जागा पक्की केली. जानेवारी २०२२ मध्ये सँडर्स आर्कन्सॉला आला. कोऑर्डिनेटर बॅरी ओडमने त्याला आत, लाइनच्या मागे मधोमध आणलं, पण शेजारी बंपर पूल होता, पाचव्या हंगामातला, आर्कन्सॉच्या इतिहासात सर्वाधिक टॅकल नावावर असलेला. त्यामुळे सँडर्सला स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधी ए-गॅपमध्ये, म्हणजे सेंटर आणि गार्डमधल्या फटीत, लाइनला चिकटून उभं करता आलं. तिथून कधी क्वार्टरबॅकवर धाव घ्यायची, कधी पास अडवायला मागे पडायचं. त्या हंगामात १०३ टॅकल, साडेनऊ सॅक (पास सुटण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं) आणि ऑल-अमेरिकनचा मान. पहिल्या दिवसापासून पंधरा प्रकारच्या फॉर्मेशनची उत्तरं ओरडून सांगायला लावली असती, तर हा खेळाडू अर्ध्या वेगाने खेळला असता.

बी_गॅप

हॅशमार्क, तुमच्या मांडणीत एक गृहीतक दडलंय, की माइक अवघड आणि विल सोपा. बोलण्यापुरतं खरं. पण स्नॅपनंतर चित्र उलटतं.

साधा ओव्हर फ्रंट घ्या, समोर टाइट एंड (लाइनच्या टोकाला जोडून उभा राहणारा रिसीव्हर) नाही. आक्रमणाच्या लाइनमधल्या फटी, म्हणजे गॅप, एकूण सहा: दोन्हीकडे आतून बाहेर ए, बी, सी. थ्री-टेक्निक टॅकल (गार्डच्या बाहेरच्या खांद्यावरचा बचावाचा लाइनमन) ताकदीच्या बाजूचा, म्हणजे आक्रमणाचे खेळाडू जास्त त्या बाजूचा, बी घेतो, नोज (सेंटरसमोरचा लाइनमन) दुसऱ्या बाजूचा ए, दोन्ही एंड दोन्ही सी. उरले दोन गॅप. माइकला ताकदीकडचा ए आणि विलला कमकुवत बाजूचा बी. आता विलच्या समोर बघा. त्या बाजूच्या गार्डवर कुणीच उभं नाही. इनसाइड झोन (मधून धावण्याचा खेळ) आला की हा गार्ड नोजला खांदा देऊन, नाहीतर सरळच, विलच्या छातीवर येतो. माइकपुढे मात्र थ्री-टेक्निक आणि नोज यांची भिंत आहे.

त्यात आरपीओ, म्हणजे धाव की पास हे क्वार्टरबॅक बचावाच्या एका खेळाडूला वाचून ठरवतो तो खेळ. कॉलेजच्या नियमात पास सुटण्याआधी लाइनमन रेषेपुढे तीन यार्डांपर्यंत जाऊ शकतो, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एकच. म्हणजे विलला समोरून गार्ड येताना दिसतो, डोकं सांगतं धावण्याचा खेळ आहे, तो पुढे पाऊल टाकतो आणि त्याच्या डोक्यामागून स्लँट, म्हणजे आत तिरक्या धावणाऱ्या रिसीव्हरकडचा पास, जातो. क्वार्टरबॅक बहुतेक वेळा याच खेळाडूला वाचत असतो. नव्या मुलाला विल करणं म्हणजे समोरच्या कोऑर्डिनेटरच्या हातात आयता सापडलेला गडी देणं. पंधरा फॉर्मेशन पाठ करता येतात, ही दुविधा पाठ करून सुटत नाही.

हॅशमार्क

ओव्हर फ्रंटपुरतं मान्य. पण तो फ्रंट काही दगडावरची रेघ नाही. टाइट फ्रंट लावा: नोज सेंटरवर, दोन्ही बाजूला एकेक लाइनमन समोरच्या टॅकलच्या आतल्या खांद्यावर. दोन्ही बी गॅप बंद होतात, गार्डना वर चढायला वेळ लागतो, दोन्ही लाइनबॅकर मोकळे. नवा खेळाडू आहे म्हणून पहिल्या काही सामन्यांत टाइट फ्रंटचं प्रमाण वाढवणं हे कोऑर्डिनेटरच्या हातात आहे. किंमत अशी, की कडा उघड्या पडतात आणि टोकाच्या धावांना सेफ्टी आणि निकलने (पाचव्या डिफेन्सिव्ह बॅकने) लवकर खाली यावं लागतं. ती किंमत मी आनंदाने मोजीन.

चौथा_डाऊन

दोघंही जागेवर भांडताय. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आधीच्या संघात तो कोणती भाषा शिकला?

हेन्री टोओटोओ बघा. टेनेसीत दोन हंगाम, मग २०२१ मध्ये अलाबामा. एसईसीने, म्हणजे हे दोन्ही संघ ज्यात आहेत त्या गटाने, आपल्याच संघांमधल्या बदलीवरचं बंधन जून २०२१ मध्ये उठवलं, त्यानंतर तो खेळायला पात्र ठरला. म्हणजे अलाबामात वसंताचा एकही सराव नाही. तरी त्याच शरदात तो त्या बचावाचा मधला, कॉल देणारा खेळाडू होता. हॅशमार्कच्या नियमाप्रमाणे हे जमायलाच नको होतं. जमलं, कारण टेनेसीचा प्रशिक्षक जेरेमी प्रुइट हा २०१६ आणि २०१७ मध्ये अलाबामाचा तेव्हाचा मुख्य प्रशिक्षक निक सेबनचाच डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता. त्याने तीच पद्धत टेनेसीत नेली होती. गाव बदललं, बोली तीच राहिली.

आता उलट बाजू. पुल करून, म्हणजे आपली जागा सोडून आडवा धावत, येणाऱ्या गार्डला कसं भिडायचं, याच्या दोन शाळा आहेत. ‘स्पिल’ संघात कडेचा खेळाडू गार्डच्या आतल्या खांद्यावर आदळतो, चेंडू बाहेर ढकलतो, आणि लाइनबॅकर वरून वळसा घालून बाहेर पोचतो. ‘बॉक्स’ संघात कडेचा खेळाडू बाहेरचा हात मोकळा ठेवून चेंडू आत वळवतो, आणि लाइनबॅकर आतच भरतो. तीन वर्षं स्पिल खेळलेला मुलगा बॉक्स संघात आला की अंगवळणी पडलेलं पाऊल त्याला बाहेर नेतं. तिथे आधीच एक माणूस उभा आहे, आणि आतली फट रिकामी. प्रेक्षकांना वाटतं टॅकल चुकला. प्रत्यक्षात तो तिथे नव्हताच. विल असो की माइक, ही चूक दोन्हीकडे तितकीच महाग.

बी_गॅप

चौथा_डाऊन, अगदी बरोबर, आणि यातून माझाच मुद्दा पक्का होतो. भाषा जुळत असेल तर माइक करायला हरकत काय? शिवाय २०२४ पासून एफबीएसमध्ये (कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीत) बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आहे, मागे हिरवा ठिपका. कॉल प्रशिक्षक थेट कानात सांगतो. पूर्वी साइडलाइनवरच्या खुणा पाठ करण्यात उन्हाळा जायचा, ते ओझं बरंच उतरलं.

तिसरा_लांब

रेडिओवर फार भिस्त ठेवू नका. प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले, किंवा त्याआधीच स्नॅप झाला, की आवाज बंद. चाळीस सेकंदांचं घड्याळ, म्हणजे प्रशिक्षकाला जेमतेम पहिले पंचवीस. आक्रमण नेमकं त्या रेषेनंतर हालचाल करतं. टाइट एंड या बाजूचा त्या बाजूला गेला, रनिंग बॅक सरकला, आणि आता ताकदीची बाजू बदलली. तेव्हा कानात कोणी नसतं, माइकने स्वतःच्या तोंडाने सांगायचं असतं. घाईत खेळणाऱ्या संघाविरुद्ध तर पहिले पंचवीस सेकंदही मिळत नाहीत. रेडिओने मूळ कॉल पोचतो, दुरुस्ती पोचत नाही. आणि नवा खेळाडू अडतो तो दुरुस्तीतच.

दुसरं, तुम्ही सगळे धावण्याबद्दल बोलताय. ट्रान्सफर लाइनबॅकर मला जास्त वेळा पासमध्ये उघडा पडलेला दिसतो. क्वार्टर्स कव्हरेजमध्ये (खोल मैदान चौघांत वाटून घेतात तेव्हा) ट्रिप्स, म्हणजे एका बाजूला तीन रिसीव्हर, समोर आल्या की आतला तिसरा रिसीव्हर सरळ वर गेल्यावर त्याला कोण नेणार? काही संघांत माइक त्याच्याबरोबर धावतो, काहींत मागच्या बाजूचा सेफ्टी घेतो आणि माइक आडव्या रूटची वाट अडवून धरतो. चित्र तेच, शब्दही कधीकधी तोच, काम वेगळं. अशा वेळी एक जण वर धावतो, दुसरा थांबतो आणि मधोमध वीस यार्डांचं मैदान मोकळं पडतं.

आणि आर्कन्सॉच्या २०२२ च्या हंगामाचं गुणगान करताना हेही सांगा, की पासवर यार्ड देण्यात तो बचाव देशात तळाच्या संघांमध्ये होता.

हॅशमार्क

ते खापर सँडर्सवर फोडणं अन्याय आहे. पहिल्याच सामन्यात सेफ्टी जेलन कॅटलॉन खांद्याच्या दुखापतीने पूर्ण हंगामाला मुकला. मागची फळीच विस्कटली.

आणि तो पहिला सामना या चर्चेसाठी फार मोलाचा आहे. ३ सप्टेंबर २०२२, फेएटव्हिल, आर्कन्सॉ ३१, सिनसिनाटी २४. एका बाजूला सँडर्स आणि दुसऱ्या बाजूला आयव्हन पेस ज्युनियर, तोही त्याच वर्षी मायामी ऑफ ओहायोहून आलेला. दोघंही आपल्या नव्या संघाकडून पहिल्यांदाच उतरले आणि दोघंही हंगामाअखेर ऑल-अमेरिकन. सँडर्स साडेसहा फुटांच्या आसपास, पेस जेमतेम पाच फूट दहा. पेसने मायामीत असताना ॲक्रनविरुद्ध एकाच सामन्यात सहा सॅक केले होते. सिनसिनाटीने काय केलं? तीन लाइनमनच्या मागे त्याला ठेवून त्याच्या पुढे जाण्याच्या वेगाचा वापर केला. उंची कमी म्हणून पासच्या वाटा अडवण्यात तो मागे पडणार हे उघड होतं, म्हणून त्याला क्वार्टरबॅकवरच जास्त धाडलं. जे येतं ते आधी वापरा, बाकी नंतर शिकवा, हेच मी म्हणतोय.

बी_गॅप

पेसची गोष्ट तिथे संपत नाही. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा) त्याला कुणी निवडला नाही, मिनेसोटाने तसाच घेतला. त्याच वर्षी जॉर्डन हिक्स जखमी झाल्यावर हिरवा ठिपका या नवख्याच्या हेल्मेटवर आला. ज्याला ‘फक्त पुढे धावणारा’ समजलं गेलं, तो एनएफएलच्या पहिल्याच वर्षी कॉल देत होता. याउलट सँडर्सला डेन्व्हरने तिसऱ्या फेरीत घेतलं आणि पहिल्याच हंगामात परत एजवर नेलं. कॉलेजमध्ये त्याला माइकचं पूर्ण काम दिलं असतं, तर तो आत टिकला असता का, हे आता कळणार नाही. पण खेळाडूचं भलं पाहायचं तर अर्धंच काम शिकवून पुढे पाठवणं मला बरं वाटत नाही.

हॅशमार्क

खेळाडूचं भलं हा खरा मुद्दा आहे, तो मी टाळत नाही. पण संघाच्या हातात एकच हंगाम असतो. २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा बदली घेऊन लगेच खेळू शकतो. ज्याला तुम्ही पूर्ण माइक घडवाल तो पुढच्या जानेवारीत दुसरीकडे असेल.

चौथा_डाऊन

सगळेच काही वर्षभराचे पाहुणे नसतात. जेकब रॉड्रिगेझ व्हर्जिनियात क्वार्टरबॅक होता. टेक्सस टेकला येऊन लाइनबॅकर झाला, बचावाचा कणा व्हायला त्याला २०२४ उजाडलं, आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम कॉलेज लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार. तिथे थांबण्याचं फळ मिळालं.

एक मधला मार्ग सुचवतो. ताकदीप्रमाणे जागा न देता मैदानाप्रमाणे द्या. कॉलेजचे हॅश (मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळी, यांच्या दरम्यानच चेंडू ठेवतात) एकमेकांपासून ४० फूट, मैदान १६० फूट रुंद. चेंडू हॅशवर असेल तर एका बाजूला १०० फूट आणि दुसऱ्या बाजूला ६०. नव्या खेळाडूला कायम अरुंद बाजूला ठेवा. धावायचं अंतर कमी, साइडलाइन मदतीला आणि बोलणारा जुना खेळाडू रुंद बाजूला.

तिसरा_लांब

हे बऱ्याच संघांत चालतं, पण समोरचे दोन आठवड्यांत ओळखतात. तिन्ही रिसीव्हर रुंद बाजूला पाठवायचे आणि रनिंग बॅक अरुंद बाजूला उभा करायचा. सेफ्टी तिकडे खेचले गेले की तुमचा नवा लाइनबॅकर रनिंग बॅकसमोर एकटा. व्हील रूट (बॅक बाहेर पडून साइडलाइनलगत वर धावतो तो) आला आणि लाइनबॅकरने पहिलं पाऊल मागे टाकण्याऐवजी पुढे टाकलं, की ती ६० फूटही पुरून उरतात. उपाय एकच: त्या बाजूच्या एंडला बाहेर पडताना बॅकला धक्का द्यायला सांगा. त्याची पास-रश थोडी मंदावेल.

बी_गॅप

मग ठरवायचं कसं? मी पंधरा सराव असे वाटीन. पहिल्या पाचांत त्याला एकच फ्रंट आणि फक्त गार्ड वाचायला लावा. सहा ते दहा या सरावांत मोशन आणि ट्रिप्सच्या दुरुस्त्या त्यानेच ओरडून सांगायच्या, जुना माइक शेजारी गप्प उभा. चूक झाली तरी खेळ थांबवायचा नाही, चित्रफितीत दाखवायची. उरलेल्या पाचांत रेडिओ १५ सेकंदांना बंद करून, घाईच्या वेगाने. दुरुस्ती स्नॅपच्या आधी दोन्ही एंडपर्यंत पोचते का, एवढंच मोजा. पोचली तर माइक, नाही तर हॅशमार्क म्हणतात तसं.

हॅशमार्क

यावर माझी सहमती आहे, एक भर घालून. एजवरून आलेल्या मुलाचे डोळे टॅकल आणि बॅकवर असतात, गार्डवर नसतात. काउंटरमध्ये गार्ड आणि टॅकल एका दिशेला पुल करतात आणि बॅकचं पहिलं पाऊल उलट दिशेला पडतं. बॅकला बघणारा फसतो, गार्डला बघणारा त्याच्याबरोबर निघतो. सहा ते दहा या सरावांत रोज दहा काउंटर घाला, बॅकशिवाय, फक्त लाइन पुढे ठेवून. बॅक दिसलाच नाही की डोळे आपोआप गार्डवर येतात. अकराव्या सरावाला बॅक परत आणा आणि तेव्हा त्याचं पहिलं पाऊल कुठे पडतं ते बघा.